जाळी काढलेला ओटा

त्रिपुरसुंदरीला गल्लीत कोणी पुऱ्या नावाने हाक मारत नाही. नाव लांब आणि बाई बुटकी, म्हणून लहानथोर सगळी तिला सुंदराक्का म्हणतात. कुंभकोणम् स्टेशनातून बाहेर पडून डावीकडे वळलं की मोतीराव गल्ली लागते, आणि गल्लीच्या तोंडाशीच तिचं घर. नवरा स्वामीनाथ स्टेशनातल्या पार्सल कचेरीत होता. दुपारी जेवायला घरी यायचा आणि गाडीची शिट्टी ऐकू आली की ताक तसंच टाकून पळायचा. सुंदराक्का म्हणते, "माझा संसार गाडीबरोबर झाला, मधल्या वेळात नवरा होता."

शाळा तिची तिसरीपर्यंत. पुढे शिकायचंय का, असं वडिलांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "नको, मास्तर झोपतात." हात मात्र कधी झोपला नाही. रेशमी साड्यांच्या पदराला ती गोंडे बांधते. स्वामीनाथ गेल्यावर त्याच गोंड्यांवर तिचं घर चाललं. सकाळच्या पॅसेंजरने तिरुभुवनम्हून भुवनेश्वरी येते, विणकराच्या घरची बाई, पदर घेऊनच. दोघी दिवसभर गाठी मारतात, संध्याकाळच्या गाडीने भुवनेश्वरी परत जाते.

हे काम चालतं ओट्यावर. आमच्याकडे त्याला तिण्णै म्हणतात. दाराच्या दोन्ही अंगांना गुडघ्याएवढा उंच, वर लाल सिमेंट घोटून गार केलेला, टेकायला लाकडी खांब. जुन्या लोकांनी घर बांधताना ओटा वाटसरासाठी सोडलेला असे. उन्हातून आलेला माणूस बसे, पाणी मागे, गाडीची वेळ झाली की उठून जाई. त्याला नाव विचारायची पद्धत नव्हती, आणि ऊठ म्हणायची तर मुळीच नव्हती.

पण स्वामीनाथ गेला त्या वर्षी एक दारुडा ओट्यावर येऊन झोपू लागला. चेन्नैहून मुलगा सतीशकुमार आला आणि खालपासून वरपर्यंत लोखंडी जाळी ठोकून गेला. एकाचं पाहून दुसऱ्याने ठोकली. बघता बघता सगळी गल्ली जाळीत. कुणी आत जनरेटर ठेवला, कुणी गॅसची रिकामी सिलिंडरं. शेजारच्या गोपालकृष्णाने तर ओट्याला फळी लावून मोटारसायकली चढवल्या. गाडीने तंजावूरला कामाला जाणारी माणसं सकाळी पैसे देऊन त्याच्याकडे वाहनं सोडत. जाळीआड बसून गाठी मारताना भुवनेश्वरी विचारायची, "अक्का, आपण कुठल्या गुन्ह्यात आत आहोत?"

"गुन्हा नाही ग, माया. मुलाची," सुंदराक्का म्हणायची. आतल्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागतो आणि तिच्या डोळ्यांना आता दिव्यात रेशमाची गाठ दिसत नाही. जाळीतून का होईना, उजेड येतो ना, एवढ्यावर ती समाधानी होती.

मग आराखडा आला.

स्टेशनाजवळच्या लग्नाच्या हॉलमध्ये भिंतभर रंगीत नकाशा लावला होता. स्टेशनाभोवती नवी वस्ती आखायची, खाली दुकानं, वर घरं, आणि स्टेशनापासून बाजारापर्यंत झाडांच्या सावलीतून पायी जायची वाट. आराखडा करणारी वाणी नावाची मुलगी, केसांत मोगरा, पायात धुळकट बूट, माईकशिवायच सगळ्यांना समजावत होती. सुंदराक्काने हात वर केला. "खाली दुकान, वर घर, आणि पायी स्टेशन. मुली, ही आमची गल्लीच झाली की! नवं काय आहे?"

लोक हसले. वाणीही हसली. "आहे ते मोडू नये, एवढंच नवं आहे, पाट्टी." आजीला तमिळमध्ये पाट्टी म्हणतात, आणि सुंदराक्काला तो शब्द फारसा आवडत नाही. पण पोरीचं उत्तर आवडलं. ती नकाशाजवळ जाऊन आपलं घर शोधू लागली. सापडलं. घरापुढे लाल रेघ होती.

"हे काय?"

"ओटे. ते काढायचे आहेत. चाकाच्या खुर्चीतलं माणूस आणि मूल कडेवर घेतलेली बाई एकमेकांच्या शेजारून गेली पाहिजेत, तेवढी वाट हवी."

"हवीच. पण चाललेलं माणूस बसणार कुठे?"

वाणीने आवाज उतरवला. "पाट्टी, मी तुमच्या गल्लीत दोनदा आले. ओट्यावर बसलेलं एकही माणूस दिसलं नाही. जाळ्या दिसल्या. जाळीतला ओटा म्हणजे तुमच्या घराची खोली, ती रस्त्यात कशी ठेवू? पुढच्या महिन्यात आराखडा मंजूर करणारी समिती गल्लीतून पायी जाणार आहे. तेव्हा ओटे उघडे असले, लोक बसलेले असले, तर मी वाट कडेने वळवीन आणि ओटे बसायची जागा म्हणून धरीन. एकदोन उघडून भागणार नाही मात्र. ओळ हवी."

पोरगी खोटं बोलत नव्हती, हेच सुंदराक्काला लागलं. ओटा गेला तर उजेड गेला, उजेड गेला तर गाठ गेली, आणि मग भुवनेश्वरीने तरी कशाला यावं? घरी येईपर्यंत तिचं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी पदर खोचून, जाळ्या काढा सांगत ती दारोदार फिरली. सगळ्यांनी बसवलं, कॉफी दिली, आणि सगळ्यांनी एकच सांगितलं, आधी दुसऱ्यांची निघू दे. समोरच्या रुक्मिणीबाईंनी तर तोंडावर विचारलं, "सुंदरे, गल्लीत पहिली जाळी कुणाची?"

सुंदराक्काने उरलेली कॉफी संपवली. "माझी. तर पहिली माझीच निघेल."

वेल्डिंग करणारा कार्तिक आला आणि त्याने दुपारपर्यंत जाळी सुटी करून भिंतीला उभी केली. संध्याकाळी सतीशकुमारचा फोन आलाच.

"आई, चोर येतील!"

"येऊ दे. पाणी देईन."

"थट्टा नको. तो दारुडा पुन्हा आला तर?"

"तो मेला रे, चार वर्षं झाली. मी त्याच्या भीतीने आत, आणि तो केव्हाच सुटला."

पण खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी दोघींना उघड्यावर बसल्यासारखं झालं. जाणारा येणारा बघायचा. भुवनेश्वरीने तीनदा पदर सावरला. कुणी बसेना. माणसांची सवयच गेली होती, ओटा दिसला तरी आधी जाळीचं दार शोधत. सुंदराक्काने खांबाशी पाण्याची मातीची घागर ठेवली, त्यावर पेला पालथा घातला. तिरुनागेश्वरम्हून देवदर्शन करून आलेलं एक म्हातारं जोडपं गाडीला वेळ होता म्हणून थबकलं. बाई म्हणाली, "बसू का?" सुंदराक्का म्हणाली, "विचारता काय?" ती दोघं बसली आणि त्यांच्याकडे बघून आणखी दोघं.

आठवडाभरात रुक्मिणीबाईंची जाळी निघाली. मग जनरेटर आत गेला. मग सिलिंडरं. समोरच्या ओळीत तर चढाओढ लागली, कुणाचा ओटा जास्त घोटीव. उरला एकटा गोपालकृष्ण, आणि त्याचा ओटा गल्लीत सगळ्यात रुंद, नेमका सुंदराक्काच्या आणि पुढच्या ओट्यांच्या मध्ये. तो तसाच राहिला तर ओळ तुटली.

लहानपणापासून त्याला सगळी किट्टू म्हणतात, तो साठीला आला तरी.

"किट्टू, कधी काढतोस?"

"अक्का, तुम्ही समाजसेवा करा, मी धंदा करतो. फुकट बसणाऱ्यांनी माझं पोट भरणार आहे का?"

"नकाशात जुन्या मालधक्क्याजवळ वाहनतळ आहे. तो चालवायला अर्ज कर."

"नकाशात विमानतळही असेल! कागदावर काय, काहीही उगवतं."

"बाबा रे, ओळ तुटते."

"तुटू दे. गोंडे बांधता ना? बांधा गाठ," असं म्हणून त्याने आणखी एक मोटारसायकल वर चढवली.

सुंदराक्का घरी आली आणि मारलेलीच गाठ पुन्हा सोडू लागली. भुवनेश्वरीला काळजी वाटली. "अक्का, हरलो का?"

"थांब. त्याच्या घरी शहाणं माणूस कोण आहे, ते आठवतेय."

किट्टूची सून लावण्या तंजावूरला बँकेत होती. रोज गाडीने जायची, गाडीने यायची, आणि आपल्याच दारात मोटारसायकलींच्या मधून तिरकी होऊन आत शिरायची. त्या संध्याकाळी सुंदराक्काने तिला हाक मारली. "लावण्या, ये ग, बस क्षणभर."

"नको आत्या, घरी मामा कॉफीसाठी वाट बघत असतील." सुनेने सासऱ्याला मामा आणि शेजारच्या वडीलधाऱ्या बाईला आत्या म्हणायची इकडे पद्धत.

"बघू दे. डबा तरी खाली ठेव."

तिने डबा ठेवला. मग चपला काढल्या. मग पाय वर घेतले. खांबाला टेकून डोळे मिटले आणि म्हणाली, "आत्या, बँकेतून सुटले की गाडीत गर्दी, गाडीतून उतरले की स्वयंपाकघर. मध्ये कुठे मी नसतेच."  सुंदराक्काने पेला भरून दिला. तिला बसवलं ते काही निव्वळ मायेने नव्हे, हे खरं. पण माया नव्हती असंही नाही.

दुसऱ्या दिवशी लावण्या आपणहून बसली. तिसऱ्या दिवशी स्टेशनातून तिच्या दोन मैत्रिणीही आल्या, आणि गल्लीभर हसणं ऐकू गेलं. किट्टू बाहेर आला. हातात रिकामा पेला.

"लावण्या! घरची सून शेजारच्या ओट्यावर? लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील, मामा? आपल्या ओट्यावर तिला जागा नाही, असं म्हणतील."

समोरून रुक्मिणीबाई ओरडल्या, "म्हणतातच आहेत, किट्टू!"

तो तांबडा झाला. सुंदराक्काकडे वळला. "अक्का, हे तुमचं काम."

"बसायला जागा दिली, एवढंच माझं काम. कॉफी करून आणू? पेला रिकामा दिसतो."

तो पाय आपटत गेला. दोन दिवस मोटारसायकली ओट्यावर चढतच राहिल्या. लावण्या मात्र रोज वेळेवर येऊन बसत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी फळी आपटल्याचा आवाज आला. किट्टू मोटारसायकली उतरवत होता. आपली लाज झाकायला मोठ्याने म्हणत होता, "माझ्या सुनेला बसायला माझा ओटा आहे! कुणाच्या उपकाराची गरज नाही!"

"नाहीच मुळी," सुंदराक्का आपल्या ओट्यावरून म्हणाली आणि पदराची गाठ आवळली.

समिती आली त्या दिवशी उन्हं चढली होती. गल्लीभर माणसं बसलेली. कुणी बसवून ठेवलेली होती का? थोडी होती, उगाच खोटं कशाला. पण गाडी आली तेव्हा खऱ्या उतारूंनाच जागा पुरेना. वाणी फीत धरून ओट्यामागून ओटा मोजत आली. समितीतले एक गृहस्थ रुमालाने मान पुसत किट्टूच्या ओट्यावर टेकले, आणि किट्टूने वाहनतळाचा अर्ज कुठे करायचा ते त्यांनाच विचारलं.

शेवटी वाणी सुंदराक्कासमोर थांबली. "ओटे राहतील, पाट्टी. मी तसं मांडीन, आणि समितीही मान्य करील असं दिसतंय. पण रस्त्यात आलेल्या पायऱ्या राहणार नाहीत. बाजूला वळवाव्या लागतील. तुमचे गुडघे..."

"वळव. मी वळून चढेन."

"त्रास होईल."

"होईल. चढल्यावर बसायचंच आहे ना?"

वाणी ओट्यावर बसली आणि तिथेच नकाशा उघडून लाल रेघ खोडली. सुंदराक्काने चष्मा लावून ती नीट खोडली का ते पाहिलं. एक तुकडा राहिला होता. तोही खोडायला लावला.

सुटी झालेली जाळी भंगारवाल्याला द्यायची नाही, असं तिने ठरवलं. ती आता ओट्याच्या मागच्या भिंतीला तिरकी टेकवली आहे. साडीचा पदर तिच्यावर ताणून बांधला की गाठी मारायला सोपं जातं. भुवनेश्वरी म्हणते, शिक्षा संपली, आता जाळीच कामाला लागली.

परवा संध्याकाळी लावण्या गाडीतून उतरून आली, तर आपल्या ओट्यावर तिच्या नेहमीच्या जागी, खांबाला टेकून, किट्टू पेपर वाचत बसलेला.

"सरका, मामा," ती म्हणाली आणि चपला काढल्या.

तो सरकला.