वेदना नाहीत

नाखवाबाई माझे कागद वाचायच्या आधी टेबलावर पालथे ठेवत आणि विचारत, "पेशंटला यातून काय मिळालं, तेवढं सांग." मी सांगू लागले की त्या चष्मा काढून पुसत बसत. नर्सिंगमधल्या पीएच.डी.ला मला गाईड म्हणून नेमक्या त्याच मिळाल्या, हे माझं नशीब. अलिबागच्या कॉलेजात त्यांच्या हाताखाली पाच वर्षं काढली. त्यातला एक दिवसही मला त्या आवडल्या नाहीत.

माझा विषय होता मासळी सुकवणाऱ्या बायकांच्या हातांची दुखणी. मिठानं त्यांचे तळवे चिरतात. रेवदंड्याला उन्हातान्हात फिरून मी दोनशे जणींकडून प्रश्नावली भरून घेतली. 'काम करताना आपल्याला वेदना होतात का?' याला जवळजवळ सगळ्यांनी 'न्हाय' म्हटलं. सवयीनं या बायकांची सहनशक्ती वाढते, असं मी त्यावर चाळीस पानं लिहून मोकळी झाले. मला तो शोधच वाटला होता.

बाईंनी पानं वाचली आणि मला रिक्षात घालून रेवदंड्याला नेलं. बोंबील वाळत घालणाऱ्या एका म्हातारीला त्यांनी विचारलं, "हात ठणकतान का गो?" एरवी छापील मराठी बोलणाऱ्या बाईंच्या तोंडून त्यांच्या कोळीवाड्याची बोली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

"मंग? घास पन धरवत न्हाय," म्हातारी म्हणाली.

मी तिच्यावरच चिडले. मग मला वेदना नाहीत असं का सांगितलंस?

"वेदना त बालंतपनान येतान," ती म्हणाली. "माझं वय काय, तू इचारतेस काय."

प्रश्नावलीवर बाईंची सही होती. म्हणजे त्यांना हे आधीच कळलं होतं. परतताना मी तसं तोंडावर विचारलं. "सांगितलं असतं तर तू फक्त शब्द बदलला असतास," त्या म्हणाल्या. माझं दीड वर्ष पाण्यात गेलं, आणि बाई रिक्षाबाहेर बघत होत्या. पदवी मिळाल्यावर मी त्यांना पेढासुद्धा नेऊन दिला नाही.

गेल्या वर्षी कळलं, त्यांना हाडांचा कॅन्सर झालाय. खोटं कशाला बोलू, त्यांना आडवं पडलेलं बघायलाच मी इस्पितळात गेले. मला बघून वॉर्डातली तरुण नर्स अदबीनं उठून उभी राहिली. तक्त्यावर तिनं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'वेदना नाहीत.' विचारलंस का, म्हटलं. सकाळपासून चारदा विचारलं, त्या नाहीच म्हणतात, ती म्हणाली.

बाईंच्या मुठीत चादर चुरगळलेली होती. मी वाकले आणि जन्मात पहिल्यांदा त्यांना एकेरी बोलले. "ठणकतान का गो हाडां?"

"व्हय," त्या म्हणाल्या. "सकालपासून."

नर्स इंजेक्शन आणायला धावली. तिची पावलं लांब जाईपर्यंत बाई थांबल्या. मग डोळे न उघडता त्यांनी आपल्या नेहमीच्या छापील मराठीत विचारलं, "या मुलीला शिकवलं कोणी?"

मीच शिकवलं होतं.