खानसाबांचं हिरवं जाकीट

वर्षातले दहा दिवस आमचे खानसाब उघडेबोडके दिसायचे. म्हणजे अंगात सदरा असायचा, डोक्याला साधा रुमालही असायचा. पण एरवी उन्हाळा म्हणू नका, पावसाळा म्हणू नका, सदऱ्यावर चढवलेलं असायचं ते पितळी बटनांचं हिरवं जाकीट आणि डोक्यावरचा तुरेदार साफा त्या दहा दिवसांत मात्र गायब. गणपती बसले की या दोन्ही वस्तू गल्लीतल्या पोरांच्या मेळ्यात, नाटकासाठी जायच्या. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शननंतरची ती वर्षं. मेळ्याच्या नाटकात पठाणी वेषातला एक दुष्ट ठरलेला, आणि असले कपडे गल्लीत एकाच माणसाकडे. पोरं मागायला यायची आणि हा भला माणूस साफा स्वतः धुऊन, जाकिटावरून कोळशाची इस्त्री फिरवून त्यांच्या हातात द्यायचा. "पान खाऊन थुकू नका रे त्याच्यावर," एवढीच अट.

खानसाब कापडाच्या दुकानांवर पहारा करायचे. उंचेपुरे, मेंदी लावलेली दाढी, आवाज मात्र मऊ. त्यांचे आजोबा निजामाच्या फौजेत म्हणून कधीतरी काबूलकडून आले. वडील इथलेच, हेही इथलेच. तरी कुणी नवा माणूस भेटला की विचारणारच, "खानसाब, मुलुख कुठला तुमचा?" ते गंभीर चेहऱ्यानं हात करायचे, "तो काय, पाणचक्कीच्या मागं." माणूस हसायचा आणि पुन्हा म्हणायचा, "तसं नव्हं, असली मुलुख?" आता काय सांगावं, कपाळ! काबूल त्यांनी नकाशातसुद्धा पाहिलं नव्हतं.

त्या दिवसांत आया मुलींना एकटं शाळेत सोडायला धजत नव्हत्या. आमच्या नानांनी, म्हणजे वडिलांनी, खानसाबांना गळ घातली. झालं, दुपारी गल्लीतल्या आम्ही सगळ्या पोरी पुढं आणि मागून काठी टेकत खानसाब. माझी धाकटी बहीण सुमी नुकतीच शाळेत जाऊ लागलेली. ओढा आला की ते तिला खांद्यावर घ्यायचे आणि ही कार्टी वर बसून जाकिटाचं बटन पिळत राहायची. पिळून पिळून ते लोंबायला लागलं. आई सुईदोरा घेऊन बसली तर म्हणाले, "नक्को वहिनी, राहू द्या. छोटीचा हाय तो." त्यांची स्वतःची मुलगी सुमीएवढी असतानाच पटकीत गेली होती. आईला ते ठाऊक होतं, म्हणून तिनं पुन्हा कधी सुई काढली नाही.

मेळ्यात दुष्टाचं काम पोस्टातला दिगू करायचा. माणूस देवभोळा, मुंगीला पाय लागला तरी चुकचुकणारा, पण अंगानं आडवा. त्याला साफा बांधता यायचा नाही, म्हणून रोज संध्याकाळी खानसाब पडद्यामागं जाऊन आपल्या हातानं बांधून द्यायचे आणि मग मांडवात सगळ्यांत मागं उभे राहून आपल्याच जाकिटाला शिव्या बसताना बघायचे. "आज साफा चांगला बसला," असं आमच्या घरी येऊन सांगायचेसुद्धा! एकदा मात्र त्यांना राहवलं नाही. दिगू डोळे वटारून, पाय घासत फिरत होता. "ऐसा पाय घासू नको रे बाबा," खानसाब म्हणाले, "हमलोगां तुमारे जैसेच चलते." दिगू ओशाळून म्हणाला, "खानसाब, नीट चाललो तर लोकांना भ्या कसं वाटंल?" खानसाबांनी त्याच्या साफ्याचा तुरा सरळ केला.

त्या वर्षीच्या नाटकात दुष्ट एका लहान पोरीला पळवून नेतो असा प्रवेश घातला होता. आम्ही पुढंच बसलो होतो. दिगूनं परकरातल्या पोरीला खांद्यावर टाकलं, ती किंचाळली, आणि त्याच्या छातीवर ते लोंबतं बटन हलताना सुमीनं पाहिलं. पोर आईच्या कुशीत शिरली ती नाटक संपेपर्यंत बाहेर आलीच नाही. दुसऱ्या दिवशी खानसाब दारात येऊन नेहमीसारखे "चलो छोटी" म्हणाले, आणि सुमीनं जी किंकाळी फोडली, ती मला आजही ऐकू येते. त्या वेळी जाकीट अंगात नव्हतंसुद्धा. दाढी होती, उंची होती, तेवढं पुरलं. ते दोन पावलं मागं सरले आणि काठी भिंतीला टेकवून हात रिकामे करून उभे राहिले, जणू काठीलाच पोर भ्यालं असावं.

आई म्हणाली, "पोर आहे, विसरेल." पण ती विसरेना. तिचं बघून बाकीच्या बारक्या पोरीही रडायला लागल्या आणि त्यांच्या आया नानांना सांगून गेल्या, "खानसाब लाख मोलाचा माणूस हो, पण पोरी भेतात. आता राहू द्या." खानसाबांनी कुणाला बोल लावला नाही. रोज दुपारी मात्र आमच्या समोरच्या ओट्यावर येऊन बसायचे आणि सुमी दाराआडून डोकावते का बघायचे. ती डोकवायचीच नाही. मला इतका राग यायचा, की एकदा तिला बदडून काढली, तर तेच ओट्यावरून ओरडले, "मारू नको बडी बेटी, तिचा काय कसूर?"

विसर्जनाच्या सकाळी ते मागच्या दारानं आमच्याकडं आले, तर मी ओळखलंच नाही. दाढी सफाचट! हनुवटी पोरासारखी गोरी, आणि तिच्यावर वस्तऱ्याचे ओरखडे. नानांना म्हणाले, "नानासाब, एक धोतर द्या. नेसवून बी द्या, मेरेकू येत नाय." नाना म्हणाले, "खानसाब, कशापायी हे?" "छोटीला भ्या नाय वाटणार मग." नानांनी धोतर काढलं, निऱ्या घालून दिल्या आणि स्वतःची काळी टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली.

तसेच ते मांडवात आले. आरती संपून प्रसाद वाटणं चाललं होतं. आधी एकानं पाहिलं, मग दहांनी, आणि मग जो हशा उसळला! "अरे, दुसरा अंक सुरू झाला बघा!" कुणीतरी शिट्टी मारली, कुणी वन्समोर म्हणून ओरडलं. वाईट लोक नव्हते हो ते, आमच्या गल्लीतलेच होते. पण त्यांना पठाण दोनच तऱ्हेचा ठाऊक, एक भ्यायला, एक हसायला. तिसऱ्या तऱ्हेचा त्यांच्यासमोर धोतर सावरत उभा होता आणि ते पोट धरून हसत होते. खानसाबांचं कुणाकडंही लक्ष नव्हतं. ते फक्त आईच्या कडेवरच्या सुमीकडं बघत होते. सुमीनं आधी तोंड लपवलं, मग सगळे हसतात म्हणून हळूच बघितलं, आणि खुदकन हसली. "हसली! देखो वहिनी, हसली!" त्यांचे डोळे भरून आले होते. आईनं पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी ते सदरा-पायजम्यात ओट्यावर आले. सुमी चक्क दारात आली. मला वाटलं, देव पावला! खानसाबांनी हात पुढं केला. सुमी जवळ गेली नाही. तिथूनच टाळ्या पिटून म्हणाली, "ते सोंग करा ना, धोतराचं सोंग!"

पुढं केलेला हात त्यांनी हळूच मागं घेतला. "सोंग नव्हता बेटा तो," एवढंच म्हणाले, आणि ओरखडलेल्या हनुवटीवरून हात फिरवत बसून राहिले.

मेळ्याची पोरं जाकीट आणि साफा परत द्यायला आली, तर त्यांनी घेतलं नाही. "ठेवूनच घ्या. तुमालाच लागतंय." पोरं खूश! दिवाळीच्या आधी कधीतरी खानसाब गल्ली सोडून निघून गेले. खोलीला कुलूप नव्हतं, आत एक माठ पालथा घातलेला. आमचं धोतर मात्र धुऊन, घडी करून ओट्यावर ठेवलं होतं. गल्ली म्हणाली, "गेला असंल आपल्या मुलखाला." कुणावर कधी आवाज न चढवणारे आमचे नाना त्या दिवशी भर गल्लीत ओरडले, "पाणचक्कीच्या मागं जाऊन बघा की मग!" पुढच्या गणपतीत दिगूनं तेच जाकीट घातलं, आणि नाटकात धोतर नेसलेल्या पठाणाचा एक नवा विनोदी प्रवेशही होता. तो फार रंगला म्हणे. आमच्या घरचं कुणी गेलं नाही.

सुमी आता सत्तरी ओलांडून गेली. परवा फोनवर जुन्या गोष्टी निघाल्या. म्हणाली, "ताई, मला आठवतात गं खानसाब. लाल लाल डोळे, हे मोठाले. आणि पाय घासत चालायचे, नाही का?"

मी किती तरी सांगितलं तिला. ओढा सांगितला, बटन सांगितलं. ती हं हं म्हणत राहिली. पण जो माणूस तिच्यासाठी दाढी उतरवून भर मांडवात उभा राहिला, त्याचं तोंड तिच्यापाशी उरलेलंच नाही. उरलंय ते दिगूचं.

सुमे, खानसाब पाय घासत नव्हते गं. आपल्यासारखेच चालायचे.