डाव्या वळणावरची शिवकन्या

शिवकन्याचं वजन एक्कावन्न किलो. हे आधीच सांगून टाकते, कारण ही माझी नातसून मोटरसायकलवरून पडली तेव्हा आमच्या घरातल्या गड्यांनी ती जड किती, हलते किती, बसते कशी, एवढंच काढलं. गाडीकडं कुणी वाकून बघितलं नाही. गाडी चालवत होता माझा नातू भुजंग, तिचा नवरा. त्याचं वजन ब्याऐंशी. ते कुणी विचारलं नाही.

पोरगी भोकरची. बापाची पिठाची गिरणी. लहानपणापासून गिरणीत उभी राहून बापाशी बोलायची, म्हणून आवाज असा ठणठणीत, की पाहायला गेलो तेव्हा मला वाटलं, भांडखोर दिसते. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, मला काय माणसं ओळखू येणार! बारावीनंतर नांदेडला राहून तिनं रक्त तपासायचं शिक्षण घेतलं. लग्नाआधी तिची एकच अट होती, काम सोडणार नाही. माझा लेक हणमंतराव, भुजंगचा बाप, लगेच म्हणाला, "हाव, हाव, कामून सोडायचं?" लग्न जमवताना माणूस कशालाही हाव म्हणतो.

लोह्यात एका लॅबमध्ये ती लागली. माझ्या हाताची शीर कुणाला सापडत नाही. दवाखान्यात गेले की दोन-तीन ठिकाणी टोचतात आणि वर मलाच म्हणतात, आजी, हात सैल सोडा. शिवकन्यानं अंगठ्यानं नुसतं चाचपलं, डोळे मिटल्यासारखे केले, एकदाच टोचलं. मी विचारलं, "झालं?" तर नळी भरून बाजूला ठेवलेली. लोह्यातली साखरेची माणसं तिचं नाव घेऊन विचारतात, ती गिरणीवाल्याची पोरगी आली का. ही माणसं सकाळी सातला चहा न पिता येऊन बसतात. बिनचहाच्या म्हाताऱ्यांना सांभाळणं म्हणजे साधं काम नाही.

आमच्या गावातून पहिली एसटी साडेनऊला. म्हणून सकाळी ती भुजंगच्या मागं बसून जायची. त्याचं लोह्यात खत-बियाण्यांचं दुकान आहे.

आता गाडी. साधी घेतली असती तर हे सगळं घडलंच नसतं. त्यानं घेतली ती लांबडी, बसकी, पाय पुढं पसरून चालवायची. क्रूझर म्हणतात तिला. मला तर ती पाण्यात बसलेल्या म्हशीसारखी दिसायची. तेवढ्यावर भागलं नाही. नांदेडला जाऊन मागचे शॉकअप काढून त्यानं बुटके शॉकअप टाकले, आणखी बसकी दिसावी म्हणून.

मी म्हटलं, "अरे, रस्त्याला टेकंल की ही."

"आज्जी, तुला न्हाई कळायचं. तीच तर श्टाईल हाय."

शिवकन्या साडीत, दोन्ही पाय डाव्या बाजूला सोडून बसायची. पाय ठेवायला त्या बाजूला एक रुंद लोखंडी पट्टी खाली लटकावली होती. ती पट्टी कुणाच्या सांगण्यावरून बसली ते पुढं सांगते. आत्ता माझा राग दुसऱ्यांवर आहे.

पुलाच्या अलीकडं उतार आहे आणि उतारावर डावं वळण. तिथं गाडी कलली की खालून खर्रर्र आवाज यायचा. शिवकन्यानं महिनाभर सांगितलं. माझ्यासमोर चुलीपाशी सांगितलं, "अहो, डाव्या वळणावर खाली कायतरी घासतंय. एकदा मिस्त्रीला दाखवा."

"तू हलू नको, म्हंजे घासणार न्हाई."

"मी हलत न्हाई."

"मग सडक हलती का?"

हणमंतराव हसला. मीही हसले. आज ते हसू आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावी वाटते.

चैत्रात एका सकाळी त्याच वळणावर गाडी खालून टेकली, मागून उचलली गेली आणि आडवी घसरत गेली. भुजंगची पँट फाटली. शिवकन्याचं डावं मनगट मोडलं.

प्लास्टर घालून तिला घरी आणलं, आणि भाऊबंद भेटायला आले. भेटायला कसले, निकाल द्यायला. एकजण म्हणाला, बाईमाणसाला मागं बसायचा अंदाज नसतो. दुसरा म्हणाला, वळणावर ती भिऊन उलटी झुकली असंल. तिसरा, ज्याचं पोट त्याच्या आधी दारातून आत येतं, तो म्हणाला, मागं वजन जास्त झालं. ती समोर बसलेली, हात गळ्यात बांधलेला. चहा झाल्यावर हणमंतरावानं सांगून टाकलं, "हात बरा झाला तरी आता लॅब-बिब बास. घरात रहा."

लॅबवाल्यांनी कळवलं होतं, प्लास्टर निघेपर्यंत जागा ठेवतो, ते निघाल्यावरच्या सोमवारी आली नाही तर दुसरी मुलगी घेऊ. भुजंगनं ते वाचून मोबाइल खिशात घातला. आणि गिरणीवर आवाज चढवून बोलणारी ही पोरगी एक शब्द बोलली नाही. रडली असती तर मी समजूत काढली असती. ती गप्प भाजी निवडायला बसली, एका हातानं. माझ्या डोक्यात तेव्हापासून जी तिडीक गेली ती अजून उतरली नाही.

पाचव्या आठवड्यात प्लास्टर निघायचं होतं. घरातल्या एकालाही वेळ नव्हता, म्हणून मीच तिच्याबरोबर एसटीनं लोह्याला गेले. प्लास्टर निघालं. हात पांढरा पडलेला, सोलल्या काकडीसारखा. परत येताना स्टँडच्या बाजूला शरणप्पा मिस्त्रीचं गॅरेज लागतं. भुजंगची गाडी तिथंच होती. हँडल आणि पुढचा दिवा यायला महिना लागला होता.

शरणप्पा मूळचा उदगीरचा, लोह्यात येऊन तीस वर्षं झाली. हात कोपरापर्यंत काळे, पण कपाळावरची विभूती कधी पुसटलेली नाही. बोलणं म्हणजे चालत्या माणसाला खडा मारल्यासारखं. मला अव्वा म्हणतो, म्हणजे आई.

"अव्वा, बसा. ह्या गाडीवर मागं कोण बसलं होतं?"

"मी, काका," शिवकन्या म्हणाली.

"एका बाजूला?"

"हाव."

"इकडं या. वाका. अव्वा, तुम्हीबी वाका."

वाकले मी, गुडघे कुरकुरत. डाव्या बाजूची ती लोखंडी पट्टी. तिचा बाहेरचा कोपरा घासून घासून विळ्याच्या धारेसारखा चकाकत होता.

"हे एका दिवसाचं काम न्हाई," शरणप्पा म्हणाला. "महिनाभर ही सडकेला घासून राहिली होती. त्या दिवशी पुरती टेकली. लोखंड वाकत न्हाई, सडक वाकत न्हाई, मग मागचं चाक उचलणारच. चाक उचललं की वर देव बसला तरी पडतो."

"मी सांगत होते!" शिवकन्या ओरडली. पाच आठवड्यांनी तो गिरणीचा आवाज ऐकला. पलीकडच्या हॉटेलातला माणूस बाहेर येऊन बघायला लागला. "महिनाभर सांगत होते मी!"

"ह्ये एवढ्या खाली कुणा शहाण्यानं बसवलं?" शरणप्पानं विचारलं.

शिवकन्यानं माझ्याकडं बघितलं नाही. तिनं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"मी," मी म्हटलं.

हो, मीच. नवी नवरी दोन्हीकडं पाय टाकून बसली तर गाव काय म्हणेल, म्हणून. वेल्डिंग करताना मी स्वतः उभी होते आणि दोनदा म्हटलं, आणखी खाली घे रे बाबा, साडी वर सरकती. आणि हे सांगणारी मी कोण? जन्मभर नऊवारीचा काष्टा मारलेली बाई. त्या काष्ट्यात मी चिंचेवर चढले, बैलगाडीच्या पुढच्या दांडीवर दोन्हीकडं पाय सोडून बसले, आणि गाव काही म्हणालं नाही. माझ्या लुगड्याला जे चाललं ते तिच्या साडीला चालू नये, ही अक्कल मला कुणी दिली? कुणी नाही. माझीच.

शरणप्पानं मला लाजायला वेळ दिला नाही. "नुसती पट्टी न्हाई, अव्वा. हे शॉकअप बघा, बुटके. ह्याच्या बुडाला पाच खाचांची चकती असती. जेवढं वरच्या खाचेवर न्यावं तेवढं स्प्रिंग जोर लावून वजन धरतंय. ही पहिल्याच खाचेवर. एकटा माणूस बसला तर चालून जातं. दोघं बसले की मागची बाजू खाली बसली, सगळं सडकेजवळ आलं. वळणावर कललं की टेकलं."

"भुजंगला बोलव," मी शिवकन्याला म्हटलं. "आत्ताच्या आत्ता."

तो दुकानातून आला. सगळं ऐकलं आणि तरी म्हणतो काय, "मिस्त्री, तसं न्हाई, ही मागं हलती."

शरणप्पानं हातातलं फडकं जमिनीवर आपटलं. "अस्सं. मग आता तू बस मागं. न हलता."

माझ्या पानाच्या डबीतला चुना मागून घेतला आणि पट्टीच्या चकाकत्या कोपऱ्यावर, सायलेन्सरच्या खाली, स्टँडच्या टोकाला बोटानं थापला. बाजाराचं मैदान बाजूलाच, आणि बाजाराचा वार नव्हता. शरणप्पा पुढं बसला, पन्नासेक किलोचा वाळका माणूस.

"दोन्ही पाय एका बाजूला टाक," तो भुजंगला म्हणाला. "लाजू नको. बायको रोज बसत होती."

हॉटेलातली चार माणसं, केळीवाली, एसटीचा एक कंडक्टर, सगळे उभे राहिले. शरणप्पानं हळूहळू डाव्या अंगाला गोल फिरवायला सुरुवात केली. दुसऱ्या फेऱ्यात गाडी जरा जास्त कलवली. खर्रर्र! भुजंगनं दोन्ही हातांनी मिस्त्रीच्या पोटाला मिठी मारली.

"मिस्त्री, थांबा! ओ मिस्त्री, थांबा की!"

"हलू नको!" मैदानाच्या कडेवरून शिवकन्या ओरडली. "हलू नको, म्हंजे घासणार न्हाई!"

केळीवाली एवढी हसली की तिला ठसका लागला. शिवकन्या हसली नाही. गाडी थांबल्यावर ती जाऊन वाकली, पट्टीवर बोट फिरवलं आणि बोट नवऱ्याच्या डोळ्यापुढं धरलं. कोपऱ्यावरचा चुना पार गेला होता.

पुढचं काम दोन दिवसांचं. गाडीचे मूळचे उंच शॉकअप भुजंगनं माळ्यावर टाकले होते, ते आणून परत बसवले. वाकड्या नाकाच्या पान्यानं शरणप्पानं चकती चौथ्या खाचेवर नेली. मागच्या चाकात हवा कमी होती, ती दोघांच्या हिशेबानं भरली. पट्टी कापताना ठिणग्या उडाल्या त्या मी समोर उभी राहून बघितल्या. बसवताना होते, तर काढतानाही असलंच पाहिजे. साडी चाकात जाऊ नये म्हणूनची जाळी तेवढी ठेवली. पाय ठेवायला गाडीचे स्वतःचे दोन दांडे होते, दोन्ही बाजूंना एकेक, दुमडणारे. पुन्हा चुना, पुन्हा भुजंग मागं, या वेळी दोन्हीकडं पाय टाकून. गोल फिरले, आणखी कलवली, आणि फक्त दांड्याच्या टोकाचा चुना जरासा खरवडला.

"हे टेकलं तर दुमडतं, चाक उचलत न्हाई," शरणप्पा म्हणाला. "पण टेकलं म्हंजे गाडी सांगून राहिली, बास आता. शॉकअप कितीबी चढव, ही बसकी ती बसकीच. वळणाच्या आधी हळू कर, वळणात शिरल्यावर न्हाई. आणि पोरी, तू त्याच्याबरोबर कलायचं. त्याच्यापेक्षा जास्त न्हाई, कमी न्हाई."

"मी कलत होतेच की," ती म्हणाली.

"माहीत हाय. त्याला ऐकू जावं म्हणून बोललो."

घरी आलो तर हणमंतराव जेवायला बसलेला, मीही बसले. सगळं ऐकून घेतलं आणि भाकरी मोडत म्हणाला, "गाडी झाली ना नीट? चांगलं झालं. पण आता कामाची काय गरज हाय तिला?"

मी ताटावरून उठले. साठीच्या लेकाला मी सहसा बोलत नाही. "जी पडली तिनंच घरी बसायचं का रे? पाडलं कुणी? पट्टी लावून मी पाडलं, बुटके शॉकअप टाकून ह्यानं पाडलं. तर आम्ही दोघं बसतो घरी. भुजंग, दुकानाला कुलूप लाव. उद्यापासून माझ्याबरोबर वाती वळायच्या. आणि तू, लग्नात हाव म्हणणारा, तू आमच्या देखरेखीला बस!"

शिवकन्यानं हणमंतरावाच्या ताटात भाजी वाढली आणि म्हणाली, "मामंजी, मी सोमवारी जाते. ड्रेस घालून, दोन्हीकडं पाय टाकून." विचारत नव्हती, सांगत होती. आणि पुढं गेली.

सोमवारी सहाला दोघं निघाले. मी तिला आदल्या दिवशी म्हटलं होतं, "पोरी, माझं चुकलं." मला वाटलं, म्हणेल, असू द्या आज्जी. तर म्हणाली, "हाव आज्जी, तुमचंच चुकलं." आणि माझी वेणी घालायला लागली, बरा झालेला हात जपून जपून. भुजंगच्या तोंडून अजून तेवढे दोन शब्द निघाले नाहीत. वाट बघते आहे. मी काही लवकर मरत नाही.

मागच्या पंधरवड्यात माझी साखर तपासायची होती. शिवकन्या आदल्या दिवशी माहेरी जाऊन परस्पर लॅबला गेलेली, म्हणून मी भुजंगच्या मागं. निघायच्या आधी त्यानं शरणप्पाकडून मागून आणलेला तो वाकड्या नाकाचा पाना काढला, खाली बसला आणि चकती चौथ्यावरून पाचव्या खाचेवर नेली. मी काष्टा मारला, दोन्हीकडं पाय टाकून बसले. गाव बघत होतं. बघू दे.

वळणाच्या बऱ्याच आधी त्यानं गाडी हळू केली. कललो. मी कान खाली लावून बसलेली.

"घासलं का रे?"

"न्हाई, आज्जी."

लॅबमध्ये शिवकन्यानं एकदाच टोचलं, आणि मग मी स्वतःहून काट्यावर उभी राहिले. अडुसष्ट किलो. तिला म्हटलं, हे कागदावर मोठ्या आकड्यात लिही, त्याखाली तुझं एक्कावन्न लिही. घरी येऊन तो कागद मी हणमंतरावाच्या ताटाशेजारी ठेवला, मिठाच्या बाजूला. त्यानं वाचला. वर बघितलं नाही, पण कागद टाकलाही नाही.

पोट पुढं असलेल्या त्या भाऊबंदालाही मी निरोप धाडला आहे. एकदा काट्यावर येऊन जा म्हणावं. पण उपाशी पोटी ये, सकाळी सातला.