एका अक्षराची हाक

फेब्रुवारीत आप्पा गेले. मे महिन्यात आक्का म्हणाली, "दोन दिवस बेळगावला जाऊन येऊ. तू घरात बसून बसून पुस्तकातल्या किड्यासारखा झालायस." तिच्या कचेरीतल्या एका मैत्रिणीचं घर बेळगावजवळ पिरनवाडीत होतं आणि ती माणसं सुट्टीला गावी गेली होती. किल्ली आक्काकडे होती. शनिवारी सकाळी आम्ही भावंडांनी निपाणीहून बस धरली.

मला कुठंच जायचं नव्हतं. तीन महिने मी एकच दुपार पुन्हा पुन्हा आठवत होतो. आप्पा खाटेवर होते. मी समोर खुर्चीत वाचत बसलो होतो. ते म्हणाले, "बा." थोड्या वेळानं पुन्हा, "बा." मी मान वर केली, तर त्यांची नजर माझ्या डोक्यावरून पलीकडे, दाराकडे लागलेली. आप्पा आपल्या वडिलांना बा म्हणत. आजोबांना जाऊन चाळीस वर्षं झाली होती. मला वाटलं, शेवटी ते आपल्या वडिलांना हाक मारतायत. अशा वेळी मध्ये पडू नये. मी पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. ते पान संपलं तेव्हा आप्पा नव्हते.

"बा न्यायला आलते," असं मी आईला सांगितलं. तेवढ्या एका वाक्याच्या आधारावर ती उभी राहिली.

पिरनवाडीतलं घर नवं होतं, रंगाचा वास अजून गेला नव्हता. खिडक्यांना परक्या माणसांचे पडदे, भिंतीवर परक्या माणसांचे फोटो. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. आक्का हातपाय धुऊन येते म्हणून मागं गेली. "ऊन उतरलं की बाजारात जाऊ, उद्या किल्ला बघू. तोंड जरा बरं कर रं," असं ती आतूनच ओरडून सांगत होती. मी सोफ्यावर बसलो.

तेव्हा ऐकू आलं, "बा."

आवाज म्हातारा होता, ओढलेला, अगदी त्याच पट्टीतला. मधे तेवढीच शांतता. मग पुन्हा, "बा..."

आवाज खिडकीच्या बाहेरून येत होता. मी दार उघडून बाहेर गेलो. शेजारच्या अंगणात, कुंपणापलीकडे, एक म्हातारी पायरीवर बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदूचा पांढरट पडदा. ती माझ्याकडे बघत होती, की माझ्या खांद्यावरून पलीकडे, ते कळत नव्हतं. हात पुढं करून ती पुन्हा म्हणाली, "बा."

"कुणाला बोलावताय, आजी?"

"बेक्कू, तम्मा," लहान भावाला म्हणावं तसं ती म्हणाली. "मांजर. तुझ्या मागंच हाय की."

मी वळलो. मागं तापलेली फरशी आणि बंद फाटक. मांजर नव्हतं.

"गेलं व्हय?" ती हसली. "मला दिसतंय आणि तुला न्हाय. बरं हाय तुझं."

मी आत आलो, आणि तिथं, दाराला पाठ टेकल्यावर, ते डोक्यात उतरलं. कानडीत बा म्हणजे ये. हे मला माहीत नव्हतं असं नाही. निपाणीच्या बाजारात तो शब्द रोज कानावर पडतो. पण आमच्या घरात बा म्हणजे फक्त आजोबा. आप्पा लग्नाआधी सहा-सात वर्षं इथंच, बेळगावच्या वडगावात यंत्रमागावर होते. एका कानडी विणकराच्या घरी, सोप्यात झोपायचे, त्यांच्या पोरांना खेळवायचे. त्या दिवसांबद्दल ते फार बोलत नसत. मी कॉलेजात भाषा शिकवतो आणि माझ्या बापाच्या तोंडातला शेवटचा शब्द मी चुकीच्या भाषेत ऐकला होता.

आक्का बाहेर आली. मी तिला सांगितलं. ती टॉवेलनं मान पुसत राहिली.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "कचेरीत दिवसभर कानडीच बोलतो आम्ही."

"मग?"

"मी स्वयंपाकघरातनं आलते की दारात. तुझ्या पाठीमागं हुबी होते. त्यांनी मान हलवली, न्हाय म्हणून. मला बोलवत नव्हते."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला बोलवत होते. मला वाटलं तू ऐकतोयस. ऐकून वाचत बसलायस."

मग मी तिला एक विचित्र गोष्ट करायला सांगितली: तिथं आडवी हो. सोफा खाट समज. तिनं वाद घातला नाही. ती आडवी झाली, मान उशीवर कलती ठेवली, अगदी त्यांच्यासारखी. मी खुर्ची ओढून तेवढ्याच अंतरावर बसलो आणि पिशवीतलं पुस्तक काढून तोंडासमोर धरलं.

"काय दिसतंय?"

"पुस्तक." थोडं थांबून, "तू दिसत न्हाईस रं. कपाळाचा एवढा तुकडा आणि पुस्तक."

मी पुस्तक मांडीवर ठेवलं. "आता?"

तिची नजर माझ्यावर आली, थांबली, आणि हळूच माझ्या खांद्यावरून मागं सरकली. दार मी लावलं होतं की नाही, ते मला आठवेना. मानेवर ऊन लागल्यासारखं वाटत होतं.

"आक्का, ऊठ."

ती उठली नाही. डोळेही हलवले नाहीत. तिचे ओठ मात्र हलले, आवाज न करता, आणि ते एक अक्षर मला कळलं: बा.

मी मागं वळून पाहिलं नाही. पुस्तक खाली पडलं, ते तसंच राहू दिलं. खुर्चीपासून सोफ्यापर्यंत चार पावलं होती. मी जाऊन तिच्याजवळ जमिनीवर बसलो आणि तिचा हात धरला. तो गार होता. बऱ्याच वेळानं तिनं माझी बोटं दाबली.