जीव घाबरा होणं, इंग्रजीत

नव्वदच्या दशकात आम्ही दुबईजवळ उम्म अल कुवैनला राहायचो. बाबा दुबईच्या जबल अली बंदरातल्या एका गोदामात स्टोअरकीपर होते. पहाटे कंपनीच्या बसने जायचे, ते अंधार पडल्यावरच परतायचे. आईला मराठी यायचं आणि मोडकंतोडकं हिंदी. त्यामुळे तिच्याबरोबर क्लिनिकमध्ये जायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा सहावीत होते.

डॉक्टरबाई सुदानी होत्या. त्यांना अरबी आणि इंग्रजी, एवढंच यायचं.

"जीव घाबरा होतो म्हणून सांग," आई म्हणाली.

मी सांगितलं, "शी इज स्केअर्ड."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "ऑफ हूम?" त्यांनी हळूच विचारलं आणि आईच्या मनगटांकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला कळायला बरीच वर्षं गेली.

"कोणाची भीती वाटते, विचारतायत."

"अगं बाई! भीती नाही गं. छातीत धडधडतं, हातपाय गळून जातात. कारण म्हणून काही नसतं."

मी गडबडले. "नॉट स्केअर्ड. नर्व्हस... वरीड..." शाळेत हे सगळे शब्द समानार्थी म्हणून एकाच ओळीत पाठ केले होते.

बाईंनी मला समजावलं. घाबरवणारं काही समोर असतं, तेव्हा माणूस स्केअर्ड. कशाची काळजी आहे हे ठाऊक असतं, तेव्हा वरीड. आणि काय ते ठाऊकच नसतं, तरी आतून धडकी भरते, ते अँक्शस. मी जमेल तसं मराठीत सांगितलं.

"तिसरं," आई म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. मग ती बोलतच राहिली. दिवसभर मोठ्या माणसाशी एक शब्द होत नाही, बसला उशीर झाला की खिडकीतून हलवत नाही. मी भाषांतर करायचं विसरले. बाईंनीही तिला थांबवलं नाही.

तपासणीत रक्त कमी निघालं. बाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि दर पंधरा दिवसांनी यायला सांगितलं, नुसतं बोलायला का होईना.

शुक्रवारी बाबांना सुट्टी होती. मी त्यांना सगळं सांगितलं.

"मला का नाही बोललीस?" त्यांनी आईला विचारलं.

"मलाच कळत नव्हतं, तर तुम्हाला काय सांगणार?"

त्यानंतर बस सुटायला उशीर झाला की बाबा गोदामातून फोन करायचे. आईची धडधड थांबायला मात्र जवळजवळ वर्ष लागलं.