कडुलिंब फुलला त्या सकाळी

“आई, तुम्हाला दुखवायला नाही बोलत,” कीर्ती म्हणाली. “पण कालच्या वरणात हिंग होता की हिंगात वरण, हेच कळत नव्हतं.”

“हिंगाचं सोड, गॅसचं बोल,” मकरंदने तोंड घातलं. “बटण चालू, जाळ विझलेला, आणि आई शेजारी बसून मेथी निवडतेय. मी वेळेवर आलो म्हणून.”

“एकदाच झालं ते,” शशिकलाबाई म्हणाल्या.

“एकदाच पुरतं, आई.”

मागच्या जूनमध्ये शशिकलाबाईंना ताप आला आणि जाताना नाकातला वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत, नाहीतर नाहीही येणार. तेव्हापासून नऊ महिने त्या दूध नासलंय का ते सुनेला विचारत होत्या. छत्तीस वर्षं चेन्नईत राहून, रेल्वेतल्या नवऱ्याचे डबे भरून, तो गेल्यावर एकटीने घर ओढून, आता हुकूम सुटला होता: भाजी चिरा, कणीक मळा, गॅसला हात लावू नका. आणि हुकूम खोटा म्हणावा, तर तसा पुरावा नव्हता. त्यांनी चपला घातल्या आणि फिरायला निघाल्या.

टी. नगरच्या मागच्या गल्ल्यांतून बागेपर्यंत हा त्यांचा रोजचा फेरा. साताऱ्याचे पाहुणे म्हणत, इथे कसला वसंत, इथे नुसता उन्हाळा. ते टी. नगरला साड्या बघायला आलेले असत. मान वर करून झाडं कोण बघणार? करंज आठवड्यात बोडका होतो आणि पुढच्या आठवड्यात तेल चोपडल्यासारखा चकाकतो. दरवर्षी शशिकलाबाई घरी येऊन दिनदर्शिकेच्या चौकटीत लिहीत. पिंपळाला तांबूस पालवी. कोकीळ बोलला. सगळ्यात शेवटी कडुलिंब. त्याचं फूल एवढंसं, तेही पानाआड. ते आधी नाकाला कळतं, मग डोळ्यांना. यंदा चौकटी कोऱ्याच होत्या. शेवटचं कळणार नसेल, तर आधीचं कशाला लिहायचं?

बागेच्या वळणावर त्या एकदम थांबल्या. गोडूस काहीतरी आलं, त्याच्या मागे किंचित कडसर. आलं आणि गेलं.

फाटकापाशी राजसबाई उभ्या होत्या. पाच पिढ्यांपूर्वी तंजावरला आलेलं मराठी घराणं. त्यांचं मराठी तमिळच्या हेलात झुलत यायचं. कडुलिंब फुलला की त्या झाडाखाली जुनी साडी अंथरत आणि पडलेली फुलं वाळवून वर्षभर रस्सममध्ये घालत.

“राजसबाई, कडुलिंब फुललाय का?”

राजसबाईंनी कपाळावर हात धरून वर पाहिलं. “छे. फुलला असता तर मी साडीविना आले असते का? आठ दिवस आहेत अजून.”

नाकाने फसवलं, की मनाने? पण झुळूक आली आणि वास पुन्हा आला. त्या वासामागे चालत गेल्या, भिंतीला वळसा घालून, पलीकडच्या गल्लीत. तिथे एक गाडी उभी होती. तिच्या टपावर सात-आठ पांढरी फुलं, तांदळाच्या कणीएवढी. वर, भिंतीबाहेर झुकलेली कडुलिंबाची एकच फांदी फुलली होती.

मागून राजसबाई धापा टाकत आल्या. “एवढं चालवलंस गं,” म्हणाल्या, आणि मग, “रडतेस कशाला?”

“काही नाही. उद्या साडी आणा.”

घराचं दार उघडताच त्या म्हणाल्या, “दूध लागतंय.”

कीर्तीने कानावरचा हेडफोन सरकवला. “आत्ताच तर ठेवलंय.” तरी ती आत गेली. पातेल्यात डाव फिरवला, तर तळाचा तपकिरी पापुद्रा वर आला. मकरंद दाढी अर्धवट टाकून बाहेर आला. दोघं एकमेकांकडे बघत राहिली.

शशिकलाबाईंनी आजच्या चौकटीत ‘कडुलिंब’ लिहिलं आणि पेन टोपण लावून ठेवलं.

“उद्यापासून गॅस मी पेटवणार,” त्या म्हणाल्या. “हिंगाचा डबा खालच्या फळीवर ठेवा.”