डॉट व्हॅल्यूचा कंटाळा

आमच्या टीमचे साहेब पुण्यात बसतात. सौंदर्यदृष्टी फार! जावास्क्रिप्टच्या फ्रेमवर्कमध्ये रिॲक्टिव्ह व्हेरिएबल म्हणजे नाव लिहिलेला डबा. आतलं बदललं की स्क्रीनवरचंही आपोआप बदलतं. आतलं काढताना नावापुढे 'डॉट व्हॅल्यू' लिहायचं, एवढंच. तेवढ्यानं साहेबांची बोटं दुखायची.

मग फ्रेमवर्कवाल्यांनीच सोपी पद्धत काढली. सुरुवातीला एकदा डॉलरचं चिन्ह लावा, डॉट व्हॅल्यू विसरा. शेजारी 'प्रायोगिक' असं स्पष्ट लिहिलेलं. मी असोद्यातून, सासरच्या वरच्या खोलीतून, मीटिंगमध्ये म्हटलं, "सर, थांबू या का थोडं?" तर म्हणे, "इतकं घाबरून कसं चालेल?" झालं! साहेबांनी स्वतः हौसेनं सगळा कोड 'स्वच्छ' केला.

ॲप होतं जळगावच्या एका केळी व्यापाऱ्याचं. कापणीची टोळी कोणाच्या बागेत कधी येणार, ते शेतकऱ्याला मोबाइलवर दिसायचं. माझे सासरे, नाना, तेच बघून शेतात जायचे. गावभर सांगायचे, "आमच्या सूनबाईचं हाये."

नव्या कोडात एक गंमत होती. डबा दुसऱ्या फाइलीत पाठवलाय असं वाटायचं, जायचं मात्र त्या क्षणी आत होतं तेवढंच. पुढे डब्यात काहीही बदलो, तिकडे पत्ता नाही. त्या सकाळी आमचा नंबर एक दिवस अलीकडे आला, नानांच्या स्क्रीनवर मात्र 'उद्या'च. ते निवांत चहा पीत बसले. टोळी बागेत आली, कोणते घड कापायचे ते दाखवायला मालकच नाही, म्हणून पुढच्या बागेत गेली. पुन्हा नंबर लागेपर्यंत आमचे घड झाडावरच पिवळे पडले; व्यापारी तर हिरवेच घेतो. माझं माहेर धुळ्याचं. संताप झाला की तोंडून अहिराणीच निघते. "बठ्ठी वाट लाई टाकी!" मी लॅपटॉपवर ओरडले.

नाना मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

पुढे फ्रेमवर्कवाल्यांनी ती पद्धत गुंडाळली. साहेबांनी ग्रुपवर लिहिलं, "खूप शिकायला मिळालं, टीम!" शिकले ते, केळी गेली आमची. आणि फाइलीमागून फाइल उघडून डॉट व्हॅल्यू परत लिहीत बसले ती मी.

आता ॲप चोख चालतं. परवा आमचा नंबर लागला, तो वेळेवर दिसला. मी नानांना दाखवला. "वा, झकास!" म्हणाले. मग चप्पल घालून मागच्या अंगणात गेले आणि मला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज दाबून टोळीच्या मुकादमाला फोनवर विचारू लागले, "भाऊ, आज खरंच येता ना?"

खिडकी उघडीच होती.